घड्याळ फिरवावं की सकाळची शाळा भरवावी?

भाचा म्युनिकला असतो. पाचला कामावरून सुटला की आईला फोन लावतो. हिवाळ्यात तेव्हा नांदेडला रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. मार्चचा शेवटचा रविवार उलटला की साडेआठच, कारण उन्हाळ्यासाठी तिकडं घड्याळ तासभर पुढं नेतात आणि हिवाळ्याआधी परत मागं आणतात. ताई दरवर्षी विचारते, "आज लवकर कसा सुटलास रं?" यंदा त्यानं मलाच विचारलं, "मामा, हे घड्याळ फिरवणं बंद व्हावं का? मी कोणत्या बाजूनं बोलू?"

फिरवण्याच्या बाजूनं बोलायला जागा आहे. जर्मनीनं 1916 साली, महायुद्धात कोळसा वाचवायला हे सुरू केलं. म्युनिकचा जूनमधला दिवस 16 तासांचा, डिसेंबरातला साडेआठहूनही कमी. पहाटेचा झोपेत वाया जाणारा उजेड संध्याकाळी ओढून आणावासा वाटणारच. नांदेडला हा फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. तरी 1942 ते 1945 इंग्रजांनी आपलंही घड्याळ तासभर पुढं नेलं होतं. युद्ध संपलं तसं तेही संपलं.

वीजबचतीचं मात्र काही खरं नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात 2006 पासून सगळीकडे घड्याळ फिरू लागलं, तर घरगुती वापर सुमारे 1 टक्क्यानं वाढलाच. दिव्यांत वाचलं ते एसीनं खाल्लं. एप्रिलच्या संध्याकाळी कूलरसमोर बसणाऱ्याला हे सांगायला नको.

युरोपीय संसदेनं मार्च 2019 मध्ये ही पद्धत 2021 पासून बंद करण्याच्या बाजूनं मत दिलं. पण देशांचं एकमत होईना आणि घोडं अडलं. बंद करून कोणती वेळ कायम ठेवायची, हाच खरा पेच. कायम उन्हाळी ठेवली तर संध्याकाळ लांबते, पण डिसेंबरात म्युनिकला सूर्य नऊला उगवेल आणि पोरं अंधारात शाळेत जातील. रशियानं 2011 साली तेच केलं आणि 2014 मध्ये हिवाळी वेळेवर परतला. कायम हिवाळी ठेवली तर जूनमध्ये सव्वाचारलाच सूर्य वर येईल. त्याला जाड पडदा पुरे.

आपल्याकडची तऱ्हा तिसरीच. ऊन तापलं की शाळा सकाळची होते, हळद काढणारे झुंजुमुंजूलाच रान गाठतात, घड्याळाला कुणी हात लावत नाही. यातही खोट आहे : पोरांची शाळा सकाळची, बापाचं ऑफिस मात्र जुन्याच वेळेवर, मग आई दोनदा डबे करते. घड्याळ फिरवलं की सगळे एकदम सरकतात, एवढा एक गुण जर्मनांना द्यावा लागेल.

भाच्याला म्हटलं, बंद कर म्हण, आणि हिवाळी ठेव म्हण. ताईलाही साडेनऊच बरे पडतात. साडेआठला तिच्या भाकरी तव्यावर असतात.