799 रुपयांचा पास आणि दुसरा प्रश्न : गोरेगावच्या करिअर मेळाव्याबद्दल

मी अंबरनाथची. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जानेवारीत एका शनिवारी गोरेगाव पूर्वेला, हायवेलगतच्या एका मोठ्या हॉलमध्ये कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्यांसाठी दिवसभराचा करिअर आणि नेटवर्किंग मेळावा होता. तिथे मी पास काढून गेले होते. तेव्हापासून वर्गातल्या पाच-सहा जणींनी विचारलंय, "पुढच्या वेळी जाऊ का गं?" म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. आयोजकांचं नाव घेत नाही, कारण असे मेळावे आता बरेच भरतात आणि मी जे सांगणार आहे ते त्यातल्या बऱ्याच मेळाव्यांना लागू पडेल.

साधा पास 799 रुपयांचा. 1999 चा एक "प्रीमियम" पास होता. तो घेणाऱ्यांना वेगळ्या खोलीत कंपन्यांच्या भरती करणाऱ्या माणसांबरोबर बसायला मिळत होतं. बाबा आनंदनगर एमआयडीसीत कारखान्यात आहेत. मी पैसे मागितले तेव्हा त्यांनी विचारलं, "नेटवर्किंग म्हणजे वशिला का?" मी नाही म्हटलं, पण नेमकं काय ते मला सांगता आलं नाही. त्यांनी पैसे दिले.

आमच्यासारख्या कॉलेजातली मुलं अशा ठिकाणी पैसे भरून का जातात, हेही सांगायला हवं. आमच्याकडे कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. तिसऱ्या वर्षात इंटर्नशिप शोधायची तर सगळं बाहेर, स्वतःच्या बळावर. घरात, नात्यात सॉफ्टवेअरमधलं कुणी नाही. ज्यांच्या घरी आहे, त्यांना रेझ्युमे कसा लिहायचा, मुलाखतीत काय विचारतात, हे जेवताना कळतं. आम्हाला ते 799 रुपयांत विकत मिळेल असं वाटतं.

अंबरनाथहून फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, मग पुलावरून गुंदवलीला जाऊन 7 नंबरच्या मेट्रोने गोरेगाव पूर्व. दादरला जाऊन लाइन बदलण्यापेक्षा हे बरं पडतं. प्रवास ठीक झाला. नंतर नोंदणीच्या रांगेत मात्र एक तास दहा मिनिटं गेली. क्यूआर स्कॅन करायला दोन माणसं आणि समोर हजारभर मुलं.

आत गेल्यावर गळ्यात पट्टा, हातात पिशवी, पिशवीत वही आणि बाटली. मी स्टॉल मोजले. 26 होते. त्यातले 12 कोर्स विकणाऱ्यांचे नाहीतर परदेशात शिकायला पाठवणाऱ्यांचे. तिकिटाच्या जाहिरातीत या सगळ्यांची मिळून "26 संस्था" अशी गणती होती. ज्याला नोकरी हवी आहे त्याच्याकडून पास घ्यायचा आणि आत त्यालाच आणखी 40 हजारांचा कोर्स विकायचा, हे मला अजिबात पटलं नाही. माझ्या शेजारी उभा असलेला भिवंडीचा एक मुलगा तिथल्या तिथे कोर्सचे 2000 रुपये भरून मोकळा झाला, कारण त्याला "आजच सवलत आहे" असं सांगितलं गेलं होतं. भरलेले पैसे परत मिळतील का, हे त्याने विचारलंही नव्हतं.

उरलेल्या 14 पैकी 11 स्टॉलवर मी रांग लावून बोलले. दहा ठिकाणी सगळं एकाच चालीवर झालं. नाव काय, कुठलं कॉलेज, कितवं वर्ष, सीजीपीए किती, आणि मग "हा क्यूआर स्कॅन करून वेबसाइटवर अर्ज कर." तो अर्ज मी अंबरनाथला घरी बसूनही करू शकले असते. स्टॉलवर बसलेल्यांना मी दोष देत नाही. सकाळपासून त्यांच्यासमोरून शेकडो चेहरे गेले होते, आणि बहुतेक जण भरती विभागातले होते. माझ्या प्रोजेक्टमध्ये नेमकं काय आहे हे विचारणं त्यांचं कामच नव्हतं. पण दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की मला कुणीही दुसरा प्रश्न विचारलेला नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून त्यातून सुचलेला प्रश्न, असा एकही नाही.

दुपारी "स्पीड नेटवर्किंग" झालं. समोरासमोर खुर्च्या, तीन मिनिटांनी घंटा, की पुढच्या खुर्चीवर. पण दोन्ही बाजूंना विद्यार्थीच. मी नऊ जणांना भेटले आणि नऊही जण माझ्यासारखेच इंटर्नशिप शोधत होते. एकमेकांना लिंक्डइनवर जोडून घेतलं. त्यातल्या एकीशी, कल्याणच्या, आता मैत्री आहे, ते चांगलंच झालं. मंचावर चर्चासत्रंही होती. त्यांत "आत्मविश्वास ठेवा, शिकत राहा" यापुढे फारसं काही नव्हतं.

आता त्या दिवसातल्या 18 मिनिटांबद्दल. मुख्य म्हणजे त्यांच्यासाठीच मी हे लिहायला बसले.

अकरावा स्टॉल ऑनलाइन पेमेंटचं काम करणाऱ्या एका कंपनीचा होता. तिथली रांग संपत आली होती. भरतीवाली व्यक्ती जेवायला गेलेली, आणि तिच्या जागी बॅकएंडचं, म्हणजे अ‍ॅपच्या मागे सर्व्हरवर चालणाऱ्या भागाचं काम करणाऱ्या एक मॅडम बसल्या होत्या. पस्तिशीच्या असतील. माझ्या पट्ट्यावरचं आडनाव वाचून त्यांनी सरळ मराठीत विचारलं, "काय केलंयस दाखवण्यासारखं?" मी सकाळपासून पाठ केलेलं इंग्रजी बाजूला ठेवलं आणि लॅपटॉप उघडला.

माझा प्रोजेक्ट आमच्या भागातल्या वाचनालयासाठी आहे. दिवाळीत तिथे अंकांची योजना असते. ठरावीक पैसे भरायचे आणि दोन-तीन महिने अंक आलटून पालटून घरी न्यायचे. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना तेच चार-पाच अंक हवे असतात आणि प्रती दोन-दोनच. वाचनालयाचे काका वहीत नावं लिहितात, खाडाखोड होते, भांडणं होतात. म्हणून मी मोबाइलवरून अंक राखून ठेवायची सोय केली. मागच्या दिवाळीत साठ-सत्तर सभासदांनी ती वापरली.

मॅडमनी सगळं पाहिलं आणि विचारलं, "शेवटची एक प्रत उरलीय आणि दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर?"

मी म्हटलं, "जो आधी दाबेल त्याला मिळेल."

"आधी म्हणजे कुठे आधी? फोनवर, सर्व्हरवर की डेटाबेसमध्ये?"

मला उत्तर येईना. त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि कोड उघडायला सांगितला. माझा कोड आधी प्रती किती उरल्यात ते वाचत होता, शून्यापेक्षा जास्त असतील तर एक कमी करून परत लिहीत होता. वाचणं आणि लिहिणं या दोन ओळींच्या मध्ये त्यांनी मला पाच सेकंद थांबायची एक ओळ घालायला लावली. मग दोन ब्राउझर उघडले, दोन वेगळे सभासद, आणि दोन्हीकडे पाठोपाठ बटण. दोन्ही पडद्यांवर आलं : "अंक तुमच्यासाठी राखून ठेवला आहे." प्रत एकच होती.

मला एकदम दिवाळीतलं एक भांडण आठवलं. एका आजींना अंक मिळणार म्हणून संदेश गेला होता आणि काकांनी तो दुसऱ्यालाच दिला होता. काकांची चूक असं सगळ्यांनी धरलं होतं, मीसुद्धा.

मॅडम म्हणाल्या, सकाळी दहाच्या तत्काळला हेच होऊ नये म्हणून किती काळजी घ्यावी लागत असेल, बघ. पैशांच्या व्यवहारात तर एकच रक्कम दोनदा कापली जाऊ नये यावर आमचा अर्धा जन्म जातो. मग त्यांनी दुरुस्ती सांगितली. वाचून मग लिहायचं नाही. डेटाबेसला द्यायच्या एकाच आदेशात, म्हणजे अपडेट क्वेरीत, अट घालायची : प्रती शून्यापेक्षा जास्त असतील तरच एक कमी कर. आणि क्वेरीने डेटाबेसच्या तक्त्यातल्या किती ओळी बदलल्या ते बघायचं. एक बदलली तर अंक मिळाला, शून्य बदलल्या तर "दुसऱ्याने घेतला" असं सांगायचं. दोन क्वेऱ्या एकदम आल्या तरी तक्त्यातल्या त्या एका ओळीवर डेटाबेस त्यांना एकामागून एकच सोडतो.

चौथ्या सेमिस्टरला मी ट्रान्झॅक्शन, अ‍ॅसिड गुणधर्म, लॉकिंग, म्हणजे एकाच वेळी आलेले बदल डेटाबेसमध्ये एकमेकांत गुंतू नयेत म्हणून काय करतात, ते सगळं दहा मार्कांना लिहून आले होते. व्याख्या अजून पाठ आहेत. ते माझ्याच कोडमध्ये, आमच्याच वाचनालयात घडत होतं, हे मात्र तोपर्यंत कुणी दाखवलं नव्हतं.

उठताना त्यांनी स्वतःचा ईमेल दिला आणि म्हणाल्या, "दुरुस्त केलंस की पाठव. रेझ्युमे नको, कोड पाठव." मी सोमवारी पाठवला. त्यांनी उत्तरात आणखी दोन चुका दाखवल्या. फेब्रुवारीत त्यांनी माझं नाव कंपनीत सुचवलं, एक चाचणी झाली, मुलाखतीची पहिली फेरी झाली, दुसऱ्या फेरीत निवड झाली नाही. पण त्या मुलाखतीत मला विचारलेला जवळजवळ प्रत्येक प्रश्न मागच्या उत्तरातून निघालेला होता, आणि तशा बोलण्याची सवय मला त्या 18 मिनिटांनी लावली होती.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तरही मला नंतर सापडलं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 साली एक लेख लिहिला होता. ओळखीतून नोकरी मिळालेल्या 54 जणांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो माणूस तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारा असं म्हणणारे 16.7 टक्केच निघाले. अधूनमधून भेटणारा म्हणणारे 55.6 टक्के, आणि क्वचित भेटणारा म्हणणारे 27.8 टक्के. कारण सोपं आहे : आपल्या जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी सभासदांवर पाच वर्षं केलेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतूनही साधारण हीच दिशा दिसली, फक्त ओळख अगदीच पातळ असूनही चालत नाही, थोडी तरी हवी. वशिल्यात माझं काम न बघता कुणीतरी मला आत घेतं. मॅडमनी आधी माझं काम बघितलं, त्यातली चूक दाखवली आणि मग नाव सुचवलं. पुढची चाचणी मलाच द्यायची होती. बाबांना हे सांगितलं, त्यांना पटलं.

म्हणूनच स्पीड नेटवर्किंगबद्दल माझी तक्रार आहे. तिथे सगळे एकाच गावचे, एकाच गाडीची वाट बघणारे. आणि 1999 च्या खोलीबद्दल त्याहून मोठी तक्रार आहे. ज्याच्याशी बोलण्यासाठी मुलं येतात, तोच माणूस जास्त पैसे भरणाऱ्यांसाठी बाजूला काढून ठेवणं हा अन्याय आहे. आमच्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांना 799 साठीही दोन महिने थांबावं लागलं असतं.

मॅडमनीच मला दुसरी एक जागा सांगितली. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरणारे लोक महिन्यातून एकदा शनिवारी अंधेरीत एका ऑफिसच्या कँटीनमध्ये जमतात. फुकट, फक्त आधी नाव नोंदवायचं. मी फेब्रुवारीपासून जाते. चाळीस-पन्नास माणसं, दोन भाषणं, मग चहा. भाषण देणारा माणूस नंतर तिथेच उभा असतो आणि त्याला काहीही विचारता येतं. निम्मे लोक नोकरी करणारे. पहिल्या वेळी मी कोपऱ्यात उभी होते, तर कुणीतरी येऊन विचारलं, "तू कशावर काम करतेस?" आणि उत्तर ऐकून पुढचं विचारलं. दुपारी दोनला संपतं, त्यामुळे अंबरनाथला परतायलाही अडचण नाही. मुंबईत पायथन, लिनक्स, क्लाउड, डेटा अशा विषयांचे असे बरेच मोफत गट आहेत. माझं मत विचाराल तर आधी तीन महिने तिथे जा.

तरीही कुणाला मेळाव्याला जायचंच असेल तर एवढं करा. हॉलमध्ये इतकी गर्दी असते की मोबाइलला रेंज मिळत नाही, माझ्या प्रोजेक्टचं पान दोनदा उघडलंच नाही. प्रोजेक्ट इंटरनेटशिवाय लॅपटॉपवर चालेल असा न्या. रेझ्युमे एका पानाचा, एकाच कॉलमचा ठेवा. दोन कॉलम आणि चित्रं घातलेले रेझ्युमे कंपन्यांची छाननीची सॉफ्टवेअर कधीकधी नीट वाचत नाहीत. स्टॉलवर गेल्यावर आधी विचारा, "इथे इंजिनिअर कोण आहे?" नसेल तर क्यूआरचा फोटो काढून पुढे चला. सकाळची रांग सोडून दुपारी अडीच-तीननंतर स्टॉल गाठा, तेव्हा माणसांना बोलायला वेळ असतो. आणि तिथे कुणालाही, कसल्याही कोर्सचे पैसे त्या दिवशी देऊ नका.

5 पैकी 2 तारे. दोन्ही त्या अकराव्या स्टॉलचे. आयोजकांना मी फॉर्ममध्ये लिहून दिलं आहे : कोर्स विकणारे स्टॉल वेगळ्या दालनात हलवा आणि जाहिरातीत त्यांची संख्या वेगळी लिहा, प्रीमियम खोली बंद करा, आणि त्याच जागेत दहा टेबलं मांडा. प्रत्येक टेबलावर एक इंजिनिअर, एक विद्यार्थी, एक लॅपटॉप आणि वीस मिनिटं. त्यासाठी 799 जास्त वाटणार नाहीत. अजून उत्तर आलेलं नाही.