अर्धवट किट कार घेताना मी कसा गंडलो

३२०० पाउंड गेले. व्हॅनचं भाडं, डिझेल आणि इंजिन उचलायला आणलेली क्रेन धरली तर साडेतीन हजारांच्या वर. आकडा आधीच सांगून टाकतो कारण नंतर सांगायला जीभ रेटत नाही, आईला अजून हजारच सांगितलेत. लिहितोय एवढ्यासाठी की इथे यूकेत आपली बरीच पोरं आता गॅरेजवालं घर घेतायत, आणि दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच की अरे तू ती गाडी बनवत होतास ना, मला पण करायचंय, एखादा अर्धवट प्रोजेक्ट स्वस्तात मिळतोय, घेऊ का.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. किट कार म्हणजे चासी आणि बॉडीचे पॅनल किट बनवणाऱ्याकडून घ्यायचे आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफ (म्हणजे डिफरन्शियल, चाकांना ताकद वाटून देणारा भाग), स्टिअरिंग, ब्रेक हे सगळं एका जुन्या गाडीतून काढून त्यात बसवायचं. त्या जुन्या गाडीला डोनर म्हणतात. इंग्लंडात हे वेड जुनं आहे. १९५७ साली लोटस सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स कार आली तेव्हा तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्ट्या पार्टवर लागत नसे, म्हणून लोक खोक्यातनं गाडी आणून घरी जोडायचे. १९७३ ला व्हॅट आला आणि तो फायदा गेला, पण सवय काही गेली नाही. आज डोनर म्हणून बरेच लोक माझदा एमएक्स-५ घेतात, कारण इंजिन मागची चाकं फिरवतं आणि गाडीच्या लांबीत बसतं, आणि जुन्या गाड्यांचे सिल (दारांखालचा पत्रा) गंजून एमओटीत, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या तपासणीत, नापास झाले की आतलं सगळं धडधाकट असूनही गाडी मातीमोल होते. आपल्याकडे असलं काही करायची सोय नाही, गाडीत फेरफार करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तर आरटीओवाले टायर जरा रुंद दिसला तरी थांबवतात. म्हणून इथे आल्यावर माझी हौस उफाळून आली. मी कोल्हापूरचा, आप्पांची सगळी नोकरी उद्यमनगरात लेथवर गेली, लेथच्या कुलंटचा वास आला की मला अजून शाळा सुटल्यासारखं वाटतं.

तर २०२३ च्या फेब्रुवारीत जाहिरात बघितली. "ऐंशी टक्के पूर्ण, सिंगल डोनर, १९९६ ची १.८ लिटर एमएक्स-५, सगळे पार्ट, लॉगबुकसकट, बाळ होणार असल्याने विकणे." (लॉगबुक म्हणजे इथलं आरसी बुक.) आता हे ऐकून संशय यायला हवा असं तुम्ही म्हणाल, पण खरं सांगतो, या छंदात अर्धवट पडलेल्या गाड्याच जास्त. कोणाला मूल होतं, कोणाचा घटस्फोट होतो, कोणाची कंबर धरते. त्यामुळे "अर्धवट आहे, विकतोय" ही अगदी खरी वाटणारी गोष्ट आहे आणि नेमकं तिथेच आपण फसतो.

दोन तास गाडी चालवून गेलो. माल त्याच्या घरी नव्हता, भाड्याच्या गॅरेजमध्ये होता, इथे अशा गॅरेजला लॉकअप म्हणतात, मी तेव्हाच शब्द ऐकून शहाणं व्हायला हवं होतं. शटर वर केलं तर आत काळीभोर पावडर कोट केलेली चासी, त्यात इंजिन बसवलेलं, आणि भिंतीला लागून प्लॅस्टिकचे डबे. डब्यात झिपच्या पिशव्या आणि प्रत्येक पिशवीवर मार्करने लिहिलेलं, हँडब्रेक केबल, डावा अपराइट, डिफचे बोल्ट. एवढं नीट काम माझ्या ऑफिसात कोणी करत नाही. वर एक फोल्डर, त्यात डोनर गाडी सोडवतानाचे तीसेक फोटो प्रिंट करून लावलेले. माणूस गोड, थर्मासमधून चहा दिला, माझ्या आप्पांची चौकशी केली. स्थळ बघायला जावं आणि पोह्यांवरच होकार देऊन यावं तसं माझं झालं.

तो ३५०० म्हणाला होता, रोख दिलेस तर ३२००. मी तिथेच ५०० ट्रान्सफर केले आणि पुढच्या शनिवारी व्हॅन घेऊन गेलो तेव्हा २७०० नोटांमध्ये मोजून दिले. पावती? एका कागदावर त्याने "कार पार्ट, ३२००, मिळाले" असं लिहून खाली सही केली, नुसतं पहिलं नाव. लॉगबुकवर दुसऱ्याच कोणाचं नाव होतं, त्यावर म्हणाला की मी गाडी तोडायलाच घेतली होती म्हणून नावावर केलीच नाही. पटलं मला. तसंही लॉगबुकवर छापलेलंच असतं की हा मालकीचा पुरावा नाही, मी ते वाचलं आणि उलट मनात म्हटलं, बरोबर आहे याचं.

रविवारी सकाळी मी गॅरेजमध्ये डबे लावतोय आणि बायको चहा घेऊन आली, उभ्या उभ्या फोल्डर चाळत होती. म्हणाली, "अरे, हे स्टिअरिंग डावीकडे का आहे?"

मी म्हटलं फोटो उलटा छापला असेल. तिने बोटाने दाखवलं, बाजूच्या टूलबॉक्सवरची अक्षरं सरळ होती. गाडी डाव्या स्टिअरिंगची, म्हणजे अमेरिकेतली नाहीतर युरोपातली, इंग्लंडातली नव्हेच. तीस फोटोंतल्या अकरा फोटोंत डावं स्टिअरिंग होतं, आणि बाकीच्यांत कुठे फरशी तांबडी, कुठे सिमेंटची. नेटवरून कोणाकोणाचे फोटो उचलून छापले होते. मी ते फोटो लॉकअपमध्ये अर्धा तास बघितले होते हो, एकेक करून, माना डोलावत.

मग टॉर्च आणि चिंधी घेऊन इंजिनखाली घुसलो. लॉगबुकवर इंजिन नंबर छापलेला असतो आणि ब्लॉकवर तोच ठोकलेला असतो, दोन्ही ताडून बघायला पाच मिनिटं लागतात, ती पाच मिनिटं मी चहा पिण्यात घालवली होती. या माझदात १.८ चा नंबर बीपीने सुरू होतो आणि १.६ चा बी६ ने. कागदावर बीपी, ब्लॉकवर बी६. डिफ पण १.६ चा छोटा, सहा इंची. म्हणजे लॉगबुक एका गाडीचं, माल दुसऱ्याच गाडीचा, कदाचित दोन गाड्यांचा.

हे नुसतं १.८ सांगून १.६ गळ्यात मारण्यापुरतं नाही. घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आधी आयव्हीए टेस्ट, म्हणजे त्या एका गाडीची सरकारी तपासणी, लागते, मग डीव्हीएलए, म्हणजे इथलं आरटीओ, नंबर देतं. नवी चासी आणि एकाच डोनरमधले किमान दोन मोठे भाग, कागदपत्रांसकट, असं दाखवलं तर डोनरच्या वयाप्रमाणे नंबर मिळतो. सिद्ध करता आलं नाही तर क्यू प्लेट, म्हणजे नंबर क्यूने सुरू होतो आणि येणाऱ्या जाणाऱ्याला कळतं की या गाडीचं कूळ माहीत नाही. विमावाले कुरकुरतात, विकायला गेलं की भाव पडतो.

तरी मी म्हटलं क्यू तर क्यू, चासी तर चांगली आहे. संध्याकाळी आप्पांना व्हिडिओ कॉल लावला, खरं तर मिरवायला. फोन चासीवरून फिरवत होतो, सीटच्या मागे आलो तर आप्पा म्हणाले, "थांब. मागं घे. त्या कोपऱ्यात वेल्डचा दाणा का दिसंना?" मी म्हटलं पावडर कोट आहे वरून. "आरं पावडर कोटाखाली दाणा झाकत न्हाई, उठून दिसतो. स्क्रू ड्रायव्हर घे, खरवड." खरवडलं. काळा थर गेला आणि खालून राखाडी लांबी निघाली, गाडीच्या डेंटमध्ये भरतात ती. नखाने निघत होती. पावडर कोट पण नव्हताच, कारण तो भट्टीत भाजतात आणि तिथे ही लांबी टिकली नसती, साधा स्प्रे मारला होता.

ती जागा कोणती तर सीट बेल्टचा बोल्ट बसतो ती. तिथे जाड बॉस, म्हणजे आटे पाडलेला लोखंडी तुकडा, आरपार वेल्ड केलेला पाहिजे, अपघातात माणसाच्या वजनाचा मोठा भार त्या बोल्टवर येतो. इथे पातळ पत्र्यावर एक नट ठेवून दोन टाके मारले होते, बाकी लांबी. मी पान्याने बोल्ट आवळला तर नटच पत्र्यासकट फिरला. आप्पा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "नळी मोज." व्हर्नियर लावला तर नळीच्या पत्र्याची जाडी १.२ मिलिमीटर, जाहिरातीत १.६ लिहिलं होतं. "चिरून भंगारात घाल. दुसऱ्या कुणाला इकू नको."

माणसाला मेसेज केला. दोन तासांत उत्तर, तितकंच गोड, की मी पण तो प्रोजेक्ट दुसऱ्याकडून तसाच घेतला होता, मला खरंच कल्पना नव्हती, बघतो काय करता येतं. आठ दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने डोनर कशी सोडवली हे मला रंगवून सांगत होता! ते जाहिरातीतही होतं, पण जाहिरात काढून टाकलेली आणि मी स्क्रीनशॉट घेतला नव्हता. तीन दिवसांनी नंबर बंद. लॉकअपवर गेलो, मालक म्हणाला महिन्याच्या भाड्याने होता, गेला सोडून.

पोलिसांनी इंजिन नंबर घेतला, चोरीचा निघाला नाही, मग म्हणाले हा दिवाणी मामला. अॅक्शन फ्रॉडला, म्हणजे फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्राला, तक्रार केली, एक रेफरन्स नंबर मिळाला, तेवढाच. बँकेचं म्हणणं, तुम्हाला माल मिळालाय, तो वाईट असेल तर तुमचा आणि विकणाऱ्याचा वाद. स्मॉल क्लेम्स कोर्टात दहा हजार पाउंडांपर्यंत दावा लावता येतो, पण नोटीस पाठवायला पूर्ण नाव आणि पत्ता लागतो आणि माझ्याकडे पहिलं नाव आणि एक बंद शटर. दुकानातून क्रेडिट कार्डावर घेतलं असतं तर शंभर पाउंडांच्या वरच्या वस्तूला ग्राहक कर्ज कायद्याच्या सेक्शन ७५ खाली कार्ड कंपनीला धरता आलं असतं. रोखीला काय धरणार. ३०० पाउंड वाचवायला मी ते सगळं सोडलं.

आता कोणी विचारलं की मी एवढंच सांगतो, माल त्याच्या राहत्या घरी बघ, लायसन्सवरचं नाव पावतीवर घे, इंजिन नंबर स्वतः वाच, आणि सीट बेल्टच्या जागी रंग खरवडू दे म्हण. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही. नंतर मी एकाकडे असं केलं तर त्यानेच मला पॉलिश पेपर आणून दिला.

चासी ग्राइंडरने चिरली, भंगारवाल्याने चिल्लर दिली. मग एमओटीत नापास झालेली एक एमएक्स-५ घेतली, ६०० पाउंड, सिल इतके गंजलेले की आत हात जातो, पण लॉगबुक विकणाऱ्या बाईंच्याच नावावर आणि नंबर जुळतो, दोनदा बघितला. किटची चासी कंपनीकडून कार्डावर घेतली. या गाडीचा दुसरा गिअर घरघरतो, म्हणून त्या लबाडाचा गिअरबॉक्स उघडून बघितला तर आतून लख्ख निघाला. तो बसवायचा का नाही यावर आप्पांचा आणि माझा वाद चालू आहे. ते म्हणतात, त्या माणसाची वस्तू गाडीत नको. मी म्हणतो, ३२०० पाउंडांचा गिअरबॉक्स आहे आप्पा, एवढा महाग तर फेरारीत पण नसेल.