सेरामपूरची बी.डी.: शिक्का सिनेटचा, पगार मंडळीचा

सेरामपूर म्हटले की महाराष्ट्रात आधी नगरकडचे श्रीरामपूर डोळ्यांसमोर येते. हे ते नव्हे. हे हुगळीकाठचे गाव. १८०५ मध्ये विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याचे मराठी व्याकरण छापले गेले ते इथे. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ मध्ये काढलेल्या इथल्या कॉलेजच्या नावावर आज देशभरातली पन्नासहून अधिक ईश्वरविज्ञान कॉलेजे बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी), एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) शिकवतात. पाळकीय सेवेसाठी सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारे कॉलेज, निवडणाऱ्याने आणि संलग्नता मागणाऱ्या संस्थेने ही व्यवस्था कितपत भरवशाची मानावी? आमच्या मते अभ्यासाच्या शिस्तीला पहिला वर्ग, कॉलेजांच्या कारभाराला काठावर पास.

पदवीचा अधिकार येतो २३ फेब्रुवारी १८२७ च्या सनदेतून. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि सनद दिली राजा सहावा फ्रेडरिक याने. १८४५ मध्ये गाव इंग्रजांकडे गेले तरी सनदेतले हक्क शाबूत राहिले. मात्र पहिल्या बी.डी. पदव्या मिळाल्या १९१५ मध्ये, आणि १९१८ च्या बंगालच्या सेरामपूर कॉलेज कायद्याने आजची घडी बसली: पदवी बहाल करणारी कौन्सिल, अभ्यासक्रम, परीक्षा आणि संलग्नता पाहणारी आंतरपंथीय सिनेट, आणि शिकवणारी फॅकल्टी. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांत सिनेट म्हणजे निवडणुका आणि अर्थसंकल्पावरची भाषणे. इथे सिनेट हेच शैक्षणिक कामाचे इंजिन आहे. एक घोळ नेहमी होतो. त्याच आवारातले कला आणि विज्ञानाचे वर्ग कलकत्ता विद्यापीठाखाली चालतात, ईश्वरविज्ञान तेवढे सनदेखाली. त्यामुळे एका बाजूचे मानांकन दुसऱ्या बाजूच्या खात्यात धरू नये.

तसाच घोळ संलग्नता आणि अधिस्वीकृती या शब्दांचा. संलग्न कॉलेज शिकवते, पण पदवीवर नाव सेरामपूरचे असते. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनसारखी अधिस्वीकृती देणारी संघटना दर्जा तपासते. पदवी तिची नसते, कॉलेजची असते. यूजीसी कायदा १९५६ चे कलम २२ पदवी देण्याचा हक्क कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत संस्था आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांच्यापुरताच ठेवते. म्हणून माहितीपत्रकावर 'अधिस्वीकृत' दिसले की पहिला प्रश्न विचारावा: प्रमाणपत्रावर सही कोणाची?

दुसरा प्रश्न पातळीचा. बी.डी.ची परवानगी म्हणजे एम.टीएच.ची परवानगी नव्हे, एम.टीएच.मध्येही जुना करार, नवा करार, मंडळीचा (म्हणजे चर्चचा) इतिहास अशा शाखा वेगळ्या. प्रवेश घेताना त्याच वर्षासाठी, त्याच शाखेसाठी मंजुरी आहे का, हे कॉलेजच्या भिंतीवरच्या फ्रेमवरून ठरवू नये. सिनेटच्या रजिस्ट्रार कार्यालयाकडून लेखी घ्यावे.

खरी मेख कारभारात आहे. अभ्यासक्रम आणि परीक्षा सिनेटच्या, पण जमीन, इमारत आणि पगार प्रायोजक मंडळीचे. शिक्षक एकाच वेळी प्राध्यापकही आणि बिशपच्या बदलीयादीतला पाळकही. वर्षाच्या मध्यात त्याची एखाद्या मंडळीत नेमणूक झाली की हिब्रूचा वर्ग ओस पडतो, आणि तपासणीत दाखवलेला विभाग कागदावरच उरतो. विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष बिशप, प्राचार्य नेमणारी समितीही त्याचीच आणि तक्रार ऐकणारीही तीच, असे असेल तर सिनेटचा अहवाल कितीही कडक असो, अंमलबजावणी कपाटात राहते. सिनेट संलग्नता रोखू शकते, पण ते हत्यार इतके जड की त्याचा पहिला घाव मध्यावर असलेल्या विद्यार्थ्यांवर बसतो. म्हणूनच ते सहसा उचलले जात नाही.

संलग्नता मागणाऱ्या संस्थेने अर्जाआधी घटना दुरुस्त करावी. ट्रस्ट आणि कॉलेजची नियामक समिती वेगळी ठेवावी, बँक खाती वेगळी, लेखापरीक्षण वेगळे. प्राचार्याची मुदत आणि त्याला काढण्याची पद्धत लिहून ठेवावी. शिक्षकाला किमान एक पूर्ण तुकडी बाहेर पडेपर्यंत हलवणार नाही, असा मंडळीच्या कार्यकारिणीचा ठराव घ्यावा. ग्रंथालयात देणगीत आलेल्या जुन्या प्रवचनसंग्रहांची भर घालून आकडा फुगवणे ही जुनी सवय. तपासणी करणारा ताजी भाष्ये आणि चालू नियतकालिके कुठे आहेत, हे आधी बघतो. मोजणीपेक्षा देवघेवीची नोंदवही दाखवा.

पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी (आधी यवतमाळला, १९८३ पासून पुण्यात) असो वा बेंगळुरूचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, एकाच सिनेटखाली असल्याचा विद्यार्थ्याला मिळणारा मोठा फायदा म्हणजे एका पंथाच्या कॉलेजातली बी.डी. दुसऱ्या पंथाच्या कॉलेजात एम.टीएच.साठी चालते. पंथापंथांतले सोवळे पाहता ही सोय कमी समजू नये. बिगर-ईश्वरविज्ञान विद्यापीठात पुढे पीएच.डी. करायची असेल तर मात्र समकक्षता त्या विद्यापीठाकडून आधी लेखी मिळवावी. हा निर्णय विद्यापीठागणिक होतो आणि सेमिनरीचे तोंडी आश्वासन तिथे कामाला येत नाही.

नोंदणीच्या वेळी दहावीच्या प्रमाणपत्रावरचे आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचे नाव अक्षरशः जुळते का, हे तपासा. घरी वडिलांचे नाव मधे, मिशनच्या दाखल्यावर आडनावच नाही, असे आपल्याकडे सर्रास असते. फरक असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद पहिल्याच वर्षी करून घ्यावी. पदवी छापून झाल्यावर कॉलेज, रजिस्ट्रार आणि पुन्हा कॉलेज अशी फेरी सुरू होते.