महिला गटाच्या कर्जाची शाखा : पोट्टे काढले अन् सर्व्हिस बसली (5 पैकी 2 स्टार)

यवतमाळ जिल्ह्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका मायक्रोफायनान्स (गटाले छोटं कर्ज देणाऱ्या) कंपनीची शाखा आहे, आमच्या गटाचं कर्ज तिथलंच, मी गटप्रमुख. आधी कोणी विचारलं असतं तर चार स्टार दिले असते, आता दोनच, अन् तेही कंपनीनं काढून टाकलेल्या, गावात येऊन हप्ता घेणाऱ्या पोट्ट्यांच्या कामासाठी.

मिटिंग सकाळी सातला व्हायची, कारण मग बायांना कापूस वेचणीले जायचं असते. फिल्ड ऑफिसरले आम्ही भाऊच म्हणायचो. चटईवर बसून नोटा मोजायचा, प्रत्येकीच्या कार्डावर तारीख, रक्कम लिहून सही करायचा अन् मगच टॅबमध्ये टाकायचा. कोणाच्या घरी मयत झाली, कोणाचं लेकरू दवाखान्यात आहे, त्याले सगळं माहीत, हप्ता चार दिवस पुढं ढकलायचा असला तर शाखेत तोच बोलायचा.

मग मंदी आली. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलले 4892 रुपये अन् बाजारात चार हजाराच्या आसपास, हप्ता भरावा कुठून बाप्पा! त्यात एकेका बाईच्या डोक्यावर तीन-तीन कंपन्यांचं कर्ज. वसुली अडकली तर इतकं कर्ज वाटायले लावणारे वरचे साहेब जागेवरच राहिले, गावोगाव फिरणारे पोट्टे मात्र एकाच दिवशी बोलावून राजीनामे लिहून घेतले म्हणतात. कास्तकाराचीच लेकरं ती, गाडीचा हप्ता त्यांच्याही मागं होता. लय वाईट वाटलं आम्हा सगळ्यांना.

आता तिघांची गावं एकाच पोराकडं. तो दुपारी बारा-एकला येतो, बायांची दिवसाची मजुरी पडते, कार्डावर सही करायले त्याले वेळ नाही, मोबाईलवर मेसेज येईल म्हणतो, तो येत नाही. गटातल्या एका काकूनं मुदतीआधीच पूर्ण कर्ज फेडलं (त्याले दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे), तरी एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) नाही अन् सिबिलमध्ये (कर्जाच्या नोंदीत) कर्ज चालूच दिसते, कस्टमर केअरवाला हिंदीत म्हणतो सिस्टीममध्ये एंट्रीच नाही. जुन्या भाऊची सही कार्डावर आहे म्हणून आम्ही भांडून तरी राहिलो.

लेखी तक्रार दिली आहे, 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाणार, माहितीसाठी 14448 नंबर आहे. तुमचं कर्ज तिथं चालू असेल तर कार्डावर सही घेतल्याशिवाय पैसे हाती देऊ नका, पोरगा कितीही घाईत असला तरी.