फास्ट डिलिव्हरीची मेंबरशिप, देवरुखात वापरून बघितल्यावर

पावसाळ्याच्या आधी एका मोठ्या शॉपिंग ॲपची वर्षाची मेंबरशिप घेतली, डिलिव्हरी फ्री आणि फास्ट म्हणून. आता दिवाळीही होऊन गेली, म्हणजे बऱ्यापैकी वापरून झालंय, तर आमच्यासारख्या आडबाजूच्या गावात राहणाऱ्यांसाठी लिहितोय. पुण्या-मुंबईवाल्यांना यातलं काही लागू नाही, त्यांनी सकाळी मागवलं की संध्याकाळी दारात, सुखी राहा बाबांनो.

चांगलं आधी सांगून टाकतो. वस्तू ओरिजिनल येतात, पॅकिंग मजबूत असतं, रिटर्नला कटकट नाही. भावही बाजारापेक्षा थोडा कमीच पडतो.

आता डिलिव्हरी. पार्सल भिवंडीच्या गोडाऊनमधून निघतं. तुम्हाला वाटेल मुंबई-गोवा हायवे धरून सरळ खाली येईल, तर नाही, ते जातं कोल्हापूरला, तिथून आंबा घाट उतरून साखरप्यावरून रत्नागिरीच्या हबला. साखरप्याहून आमचं देवरुख किती लांब, अर्धा-पाऊण तास, पण गाडी तिथून पुढे निघून जाते, रत्नागिरीत स्कॅन होते आणि मग माल उलटा आमच्याकडे येतो. हे पण मी समजून घेतो, घाटात दरड कोसळते, हायवेचं काम तर 2011 पासून चाललंय. चार दिवस उशीर झाला तर कोकणातला माणूस रडत बसत नाही.

डोकं फिरतं ते खोट्या रिमार्कने. गणपतीसाठी लाईटच्या माळा मागवल्या होत्या, मुंबईची सगळी मंडळी घरात, पडवीत पाय ठेवायला जागा नाही, आणि संध्याकाळी सात-साडेसातला मेसेज येतो "कस्टमर नॉट अवेलेबल". अरे घरात पंधरा-वीस माणसं आहेत, त्यातलं एकही अवेलेबल नाही? फोनवर ना मिस्ड कॉल ना काही. दुसऱ्या दिवशी परत "आऊट फॉर डिलिव्हरी", परत संध्याकाळी तेच. माळा आल्या गौरी-गणपती विसर्जन झाल्यावर. आता तुळशीच्या लग्नाला लावल्या, तेवढंच समाधान.

रायडरला चहाला बसवून विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं. पैसे पार्सलमागे मिळतात, पेट्रोल स्वतःचं, लांबच्या वाडीत एका डब्यासाठी कोण जाणार. दिवसाअखेर उरलेल्या प्रत्येक पार्सलसमोर काहीतरी कारण टाकावंच लागतं आणि गिऱ्हाईक घरी नव्हतं हे टाकलं की वरून कोणी विचारत नाही. पोराची चूक मी धरत नाही. पण असे रिमार्क पडत गेले की पार्सल आपोआप परत फिरतं. माझा एक मिक्सरचा जार असाच भिवंडीला परत गेला, वर मेसेज, "तुमच्या विनंतीनुसार ऑर्डर रद्द". विनंती कोणी केली, देव जाणे. रिफंड आला, पण आठवडा खाऊन.

कस्टमर केअरचं तर बोलायलाच नको. आधी चॅटवर बॉट, मग एक माणूस, तो "असुविधेसाठी क्षमस्व, 48 तास द्या" म्हणतो, 48 तासांनी दुसरा माणूस येतो, तोही 48 तास मागतो. यावर एक उपाय लागू पडला तो सांगतो. ॲपमध्ये खाली कोपऱ्यात ग्रिव्हन्स ऑफिसरचा, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याचा, मेल असतो, त्यावर लिहा, फोन आलाच नव्हता हे दाखवायला मोबाईलच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोडा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांना 48 तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढावी लागते. तरी हलले नाहीत तर 1915 ला फोन, ही सरकारची ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीत बोलता येतं. मी तिथे तक्रार टाकली आणि अडकलेलं पार्सल लगेच घरी आलं, फोन करून आलं, काय चमत्कार.

आणि हो, डबा हातात पडल्याशिवाय ओटीपी देऊ नका. "पत्ता अपूर्ण आहे, लिंकवर पाच रुपये भरा" असे मेसेज येतात ते सरळ फ्रॉड, वाट बघून कंटाळलेला माणूसच त्यात फसतो.

सध्या मी काय करतो, तर घाईची वस्तू इथल्याच दुकानातून आणतो, आणि बाहेरून मागवायची झाली तर जो दुकानदार स्पीड पोस्टने पाठवतो त्याच्याकडून, कारण आमच्या पोस्टमनला प्रत्येक घर माहीत आहे आणि घर बंद असलं तर तो शेजारी विचारतो. मेंबरशिपचं ऑटो-रिन्यू बंद केलंय. ते बटण पेमेंटमध्ये शोधू नका, मेंबरशिपच्या पानावर अगदी तळाला आहे, आणि बंद करताना तीनदा "नक्की का?" विचारतं, तिन्ही वेळा हो म्हणा.