ब्रिज की इम्प्लांट? पासष्टीनंतर मी काय निवडलं

गेलेल्या दाताची जागा भरायचे ब्रिज आणि इम्प्लांट हे दोन्ही प्रकार माझ्या खालच्या उजव्या जबड्यात एकाच जागी होऊन गेले आहेत. २०१० मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, पहिली मोठी दाढ काढावी लागली आणि तिथे तीन दातांचा ब्रिज बसवला, म्हणजे शेजारच्या दोन दातांवर टोप्या आणि त्यांना जोडलेला मधला खोटा दात. तो १२ वर्षं चालला. तोवर शेजारचाही एक दात गेला होता, म्हणून २०२३ मध्ये त्याच जागी दोन इम्प्लांट बसवून घेतले, म्हणजे हाडात टायटॅनियमचे स्क्रू आणि त्यांवर टोप्या. नोकरी सगळी नाशिकच्या सातपूरला, मशीन शॉपमध्ये झाली. त्यामुळे दातांचं शास्त्र मला येतं असा दावा नाही. पण दोन भाग एकमेकांना कसे धरतात, भार कुठे उतरतो आणि झीज कुठून सुरू होते, इकडे लक्ष जातंच. ओळखीतले साठी-सत्तरीचे बरेच जण हल्ली याच प्रश्नावर अडलेले असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

 

खर्चाचं आधी उरकतो. चार दातांच्या झिर्कोनियाच्या (कणखर पांढऱ्या सिरॅमिकच्या) ब्रिजचा मला २०२३ मध्ये २८ हजार आकडा सांगितला होता. दोन इम्प्लांट टोप्यांसकट ७६ हजारांना पडले, इम्प्लांटआधी जबड्याचं हाड बघायला काढतात त्या स्कॅनचे पैसे वेगळे. हे माझे आकडे, तुमचे वेगळे असतील. आरोग्य विम्यात हे काम सहसा धरत नाहीत, अपघातात दात गेला तर गोष्ट निराळी. वेळेचंही तसंच. ब्रिज तीन फेऱ्यांत, दोन आठवड्यांत तोंडात होता. इम्प्लांटला फेब्रुवारी ते जून लागले आणि द्राक्षांचा सगळा हंगाम मी डाव्या बाजूने चावण्यात घालवला. पैसा आणि वेळ एवढंच बघायचं असेल तर ब्रिज पुढे आहे, आणि त्यासाठी तो निवडण्यात गैर काहीच नाही.

२०१० मध्ये एक गोष्ट मला खटकायला हवी होती. गेलेल्या दाढेसाठी शेजारचे दोन दात घासावे लागतात, टोपी बसायला जागा व्हावी म्हणून सगळ्या बाजूंनी मिलिमीटर-दीड मिलिमीटर. पुढचा दात आधीच रूट कॅनाल झालेला होता, त्याचं एक वेळ ठीक. मागची दाढ मात्र ठणठणीत होती, तिला साधी कीड नव्हती. दाताचं वरचं कवच एकदा घासलं की परत येत नाही. शिवाय तीन दातांचा भार दोन मुळांवर येतो. चावताना सगळ्यात जास्त दाब ज्या दाढेवर पडतो ती मधे अधांतरी आणि तिचं ओझं शेजाऱ्यांवर, अशी ती मांडणी. कारखान्यात असं डिझाइन समोर आलं असतं तर मी दोन प्रश्न नक्की विचारले असते. दवाखान्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसल्यावर विचारले नाहीत.

तरीही सांगतो, चावायला तो ब्रिज उत्तम होता. पहिली सहा-सात वर्षं भाकरी, शेंगदाणे, ऊस, सगळं त्याच बाजूने खाल्लं. ज्या त्रासाने माझं मत फिरलं तो त्रास जेवणानंतरचा आहे.

ब्रिजचे तीनही दात एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे दातांच्या फटी साफ करायचा दोरा (फ्लॉस) वरून घालता येत नाही. मधला खोटा दात हिरडीवर नुसता टेकलेला असतो आणि त्याच्याखाली बारीकशी फट राहते. अन्न तिथेच जातं. मेथीच्या भाजीचा दांडा, पेरूची बी, मिसळीतल्या मटकीची सालं, संक्रांतीचे तीळ. गोदावरीला पूर येऊन गेला की पुलाच्या खांबांना चिंध्या, काटक्या अडकून राहिलेल्या दिसतात ना, अगदी तसं. वरून ब्रश कितीही फिरवा, ते निघत नाही. त्यासाठी सुपर फ्लॉस नावाचा दोरा मिळतो, त्याचं एक टोक कडक असतं. ते टोक गालाच्या बाजूने ब्रिजखालच्या फटीत सारायचं, जिभेच्या बाजूने बाहेर काढायचं, तिथे बोटाने पकडायचं आणि दोरा मागे-पुढे ओढायचा. हे सगळं तोंडाच्या मागच्या कोपऱ्यात, आरशात उलटं दिसत असताना. ज्यांनी माझा ब्रिज बसवला त्यांनी या दोऱ्याचं नावही काढलं नव्हतं. तीन वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं, तोपर्यंत मी दातकोरण्यावर भागवत होतो.

साठीच्या आत हे काम दोन मिनिटांचं होतं. पुढे जवळचा चष्मा घालून करावं लागलं. ६४ व्या वर्षी एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आणि सकाळी बोटं आखडायला लागली. दोऱ्याचं टोक हिरडीला टोचायचं, रक्त यायचं, मग त्या दिवशी राहून जायचं. एक दिवस राहिलं की दुसऱ्या दिवशीही राहतं. लग्नकार्यात तर पंगतीतून उठलो की आधी कोपऱ्यातलं बेसिन शोधायचो, आणि चूळ भरूनही जिभेला तो कण लागतच राहायचा. चारचौघांत बोलताना तोंडाला वास येत असेल का, ही शंका मनातून जाईना. मी मित्रांपासून एक पाऊल लांब उभा राहून बोलायला लागलो होतो. हे माझ्या पत्नीच्या लक्षात आलं, मला स्वतःला नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये भाकरी खाताना ब्रिज हलल्यासारखा वाटला. डॉक्टरांनी तो कापून काढला. मागची दाढ तगली होती. पुढच्या दाताचा टोपीखाली काळा, मऊ खुंट उरला होता. त्या दाताची नस रूट कॅनालमध्ये काढलेली, त्यामुळे तो आतून सडत असताना एकदाही दुखला नाही. तो काढावा लागला आणि एका दाढेची जागा आता दोन दातांची झाली.

पुढचा ब्रिज आता चार दातांचा, आणि त्यासाठी सुळ्याजवळचा आणखी एक चांगला दात घासायचा, असं ठरत होतं. मला तेव्हा आमच्या दादांची आठवण झाली. ते सिन्नरला असतात. २०१९ मध्ये त्यांची उजवी बाजू पक्षाघाताने गेली. त्यांनाही ब्रिज आहे. वहिनी रोज बोटाला ओलं गॉज गुंडाळून त्यांचे दात पुसतात, ब्रशही करतात. पण ब्रिजखाली दोरा घालणं दुसऱ्याच्या तोंडात जवळजवळ अशक्य आहे. मी स्वतः प्रयत्न करून पाहिला. दादांनी मान फिरवली, माझेही हात थरथरले. त्या दिवसापासून मी हा प्रश्न वेगळ्या बाजूने बघायला लागलो: आज काय चावता येईल हे तर बघायचंच, पण दहा वर्षांनी हे कोण साफ करणार आणि कोणत्या हातांनी?

इम्प्लांट साफ करावा लागत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याला कीड लागत नाही, हे खरं. पण भोवतीच्या हिरडीला सूज येते, दुर्लक्ष केलं तर हाड खाली सरकतं, आणि बरेचदा उशिरापर्यंत दुखतसुद्धा नाही. दादांसारख्या अवस्थेत तोही सांभाळावा लागेलच. फरक एवढाच की माझे इम्प्लांट दोन सुटे दात आहेत. बाटली धुवायच्या ब्रशसारखा पण इवलासा ब्रश मिळतो, तो दातांच्या मधल्या फटीत गालाच्या बाजूनेच घालायचा आणि बाहेर काढायचा. ओवायला काही नाही, पलीकडून पकडायला काही नाही. चष्म्याशिवाय होतं. माझ्यासाठी निकाल इथे लागला.

आता इम्प्लांटच्या अडचणी. माझी साखर आडवी आली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, एचबीएवनसी, ७.९ होती. डॉक्टर म्हणाले, आधी ही खाली आणा. काढलेल्या दाताची जखमही भरायची होती, म्हणून काम फेब्रुवारीवर गेलं, तेव्हा ७.१ होती. भीती ड्रिलची होती. प्रत्यक्षात बधिर केल्यावर नुसता आवाज आणि हादरा जाणवला, दाढ काढताना याहून जास्त त्रास झाला होता. दोन दिवस सूज, बर्फ, गार खिचडी. मग थांबणं. हे थांबणं मला पटलं, कारण त्यामागचं कारण सुंदर आहे. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशांच्या हाडावर अभ्यास करत होते. हाडात बसवलेला टायटॅनियमचा भाग त्यांना शेवटी काढता येईना, कारण हाड त्या धातूला धरून वाढलं होतं. त्याच आधारावर १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे स्क्रू बसवले. धातू आणि जिवंत हाड, मधे ना सिमेंट ना पॅकिंग. आयुष्यभर फिटिंग केलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच. जूनमध्ये टोप्या बसवताना डॉक्टरांनी छोटा टॉर्क रेंच, म्हणजे मोजून आवळायचा पाना, काढला आणि ३५ न्यूटन-सेंटिमीटरला स्क्रू आवळला, तेव्हा मनातली उरलीसुरली धाकधूक गेली.

एक बदल मात्र सवयीचा व्हायला वेळ लागला. खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते, त्यामुळे डाळीतला खडा दाताखाली येताच कळतो. इम्प्लांट थेट हाडात असतो, तिथे ही जाणीव बोथट. सुरुवातीला त्या बाजूने चावताना लाकडाचा दात असल्यासारखं वाटायचं. आठ महिन्यांनी एका टोपीचा स्क्रू ढिला झाला, दहा मिनिटांत आवळून मिळाला. इम्प्लांट आणि मागच्या दाढेच्या मधे अन्न अजूनही अधूनमधून अडकतं. पण ते दिसतं, आणि निघतं.

स्क्रू ढिला झाला त्यावरून एक सांगावंसं वाटतं. इम्प्लांट कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, याचं स्टिकर पाकिटावर असतं. ते मागून घ्या आणि फाइलला लावून ठेवा. प्रत्येक कंपनीचे स्क्रू आणि ते आवळायची हत्यारं वेगळी असतात. दहा वर्षांनी तुमचे डॉक्टर निवृत्त झाले किंवा तुम्ही मुलाकडे पुण्याला राहायला गेलात, तर नव्या डॉक्टरांना ते स्टिकर लागेल.

माझ्या पत्नीने मात्र ब्रिज घेतला, आणि तिच्यासाठी तोच योग्य होता असं मला मनापासून वाटतं. तिचा वरचा पटाशीचा दात गेला. शेजारच्या दोन्ही दातांवर आधीच टोप्या होत्या, म्हणजे चांगला दात घासायचा प्रश्नच नव्हता. त्यात ती हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याची गोळी बरीच वर्षं घेते. त्या गटातल्या औषधांमुळे जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, कमी का होईना. अशी गोळी किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन चालू असेल तर दाताच्या डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपण होऊन सांगा. रक्त पातळ करायच्या गोळ्यांचंही तसंच, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोला. तिचा ब्रिज समोर आहे, आरशात स्वच्छ दिसतो, दोरा सहज जातो. माझ्या मागच्या दाढेच्या तुलनेत ते काम निम्म्याहून सोपं.

तंबाखू, मिश्री किंवा सिगारेट सुटत नसेल, साखर आटोक्यात नसेल, तर इम्प्लांटची घाई करू नये असं मी म्हणेन. वरच्या जबड्यात मागे हाड कमी पडतं, सायनस (गालाच्या हाडामागची पोकळी) जवळ असतो, तिथे हाड भरायचं वेगळं काम निघू शकतं आणि खर्चही वाढतो. असं असेल तर दुसरं मत जरूर घ्या. पंचवटीत डेंटल कॉलेज आहे. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त होतात, खर्च कमी येतो. फक्त दात काढून वर्ष-दोन वर्षं जागा रिकामी ठेवू नका. हाड झिजतं, पहिल्या वर्षात सर्वात जास्त, शेजारचे दात जागेत कलतात आणि मग दोन्ही पर्याय अवघड होतात.

गेल्या महिन्यात कंपनीतला एक जुना सोबती घरी आला. त्याचीही हीच दाढ, हीच बाजू, वय ६८. पैशांमुळे ब्रिजकडे कल होता आणि मला त्याला ढकलायचं नव्हतं. गोळे कॉलनीतल्या औषधबाजारातून पूर्वी आणलेलं सुपर फ्लॉसचं पाकीट घरात पडून होतं. त्यातला एक दोरा काढून दिला आणि म्हटलं, बेसिनपाशी जा, आहेत त्याच दातांमागून तो गालाकडून जिभेकडे नेऊन बघ, रोज रात्री जमेल का ते तूच ठरव. पाचेक मिनिटांनी तो चष्मा पुसत बाहेर आला. म्हणाला, "स्कॅन कुठे काढला होतास तू?"