संगणकांवर लक्ष ठेवणारं उपकरण: ईएसपी३२ घ्यावं की रास्पबेरी पाय?

नेटवर्कवरचा एखादा संगणक किंवा सर्व्हर बंद पडला तर लगेच कळावं, एवढ्यासाठी छोटं उपकरण बनवायचं असेल तर बहुतेक वेळा गाडी दोन बोर्डांपाशी येऊन थांबते. ईएसपी३२ हा वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकच प्रोग्राम चालवणारी छोटी चिप, तर रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू म्हणजे लिनक्सवर चालणारा अख्खा संगणक. पहिल्यात ५२० केबी रॅम, दुसऱ्यात ५१२ एमबी. तरीही फक्त 'चालू आहे की बंद' एवढंच बघायचं असेल तर मी ईएसपी३२च घ्या म्हणेन.

कारण वीज. ती गेली आणि आली, की ईएसपी३२ काही सेकंदांत पुन्हा कामाला लागतो. रास्पबेरी पायमध्ये मेमरी कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइल सिस्टिम बिघडू शकते, आणि मग पहारेकरीच आडवा होतो. ओव्हरले फाइल सिस्टिम (बदल कार्डाऐवजी रॅममध्ये ठेवणारी सोय) चालू करून कार्ड नुसतं वाचण्यापुरतं ठेवता येतं, पण मग नोंदी दुसरीकडे पाठवाव्या लागतात. प्रोग्राम अडकला तर रीसेट करणारा वॉचडॉग टायमर दोन्हींत आहे. तो चालू केल्याशिवाय उपकरण जागेवर बसवू नका.

आता तपासणी. नुसत्या पिंगवर, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणाऱ्या छोट्या संदेशावर, विसंबू नका. फायरवॉल पिंग अडवत असेल तर धडधाकट संगणकही गप्प राहतो. उलट पोर्ट (सेवेचं क्रमांकित दार) उघडलं म्हणजे सेवा चालू आहे असंही नाही! त्या दारावरची टीसीपी जोडणी ऑपरेटिंग सिस्टिमच स्वीकारते. मागचा प्रोग्राम गोठलेला असला तरी काही काळ जोडणी होत राहते. म्हणून वेब सर्व्हरला खरी विनंती पाठवा आणि २०० हा 'सगळं ठीक' सांगणारा कोड परत येतो का ते बघा. हे ईएसपी३२ला सहज जमतं. मात्र एचटीटीपीएसची (सांकेतिक, सुरक्षित वेब) प्रत्येक जोडणी बरीच मेमरी खाते, तेव्हा सर्व्हर एकेक करून तपासावे लागतात.

संगणक मंद का झाला, डिस्क कधीपासून भरत आली, महिन्याभराचा आलेख कसा दिसतो, असे प्रश्न असतील तर मात्र पायला पर्याय नाही. एसएनएमपीची (नेटवर्कवरच्या यंत्रांकडून त्यांची स्थिती विचारण्याची पद्धत) तयार साधनं, डेटाबेस, पायथनच्या स्क्रिप्ट, सगळं तिथे आयतं मिळतं.

साध्या ईएसपी३२ बोर्डावर आणि पाय झीरो २ डब्ल्यूवर इथरनेटचं (केबलने नेटवर्क जोडण्याचं) पोर्ट नाही आणि वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. शक्यतो केबलच जोडा: ईएसपी३२ला डब्ल्यू५५०० चिपचं मॉड्यूल, पायला यूएसबी अ‍ॅडॉप्टर. बोर्ड कुठलाही असो, प्रत्येक फेरीत आधी गेटवे, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारा राउटर, तपासा. तोच उत्तर देत नसेल तर सगळे संगणक मेल्याचे इशारे न देता एकच इशारा द्या, तोही बझरवर, कारण त्या क्षणी ईमेल बाहेर जाणारच नाही. शिवाय उपकरणाने दर काही मिनिटांनी बाहेरच्या सर्व्हरला 'मी चालू आहे' असा निरोप पाठवावा आणि तो आला नाही तर त्या सर्व्हरने तुम्हाला कळवावं.